मुंडावळ्या की मारुती?

नाशिकमधल्या कुठल्याही लग्नाचा अलीकडचा व्हिडिओ उघडून बघा. नवरी दिसते, तिच्या पापण्या दिसतात, नथीचा एकेक मोती वेगळा दिसतो. मागे काय आहे, ते मात्र दिसत नाही. गंगापूर धरणाचं पाणी असेल, द्राक्षांचा मळा असेल, नाहीतर मंगल कार्यालयाचा जिना; सगळ्याचं एकच रंगीत धुकं झालेलं असतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची कॅसेट लावली तर बरोबर उलटा प्रकार. नवरी, तिच्यामागे जांभई देणारे काका, भिंतीवरच्या घड्याळातली वेळ, खुर्च्यांवर रंगवलेलं मंडपवाल्याचं नाव, सगळं सारखंच ठळक.

या दोन व्हिडिओंच्या मध्ये २००८ साल येतं. त्या ऑगस्टमध्ये निकॉनचा डी-९० जाहीर झाला, व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर. पुढच्याच महिन्यात कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि लग्नाच्या शूटिंगचं रूप बदललं. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझ्या ओळखीचे एक स्टुडिओवाले आहेत. बालपण मालेगावात गेलेलं, धंदा नाशिकात. त्यांची भाची गोदाघाटावर एक छोटा माहितीपट करते आहे. दोघांचं या धुक्यावरून कायम वाजतं. त्यातलं एक भांडण पुढे देतो. मी तिथे चहा पीत बसलो होतो आणि मधेमधे तोंड घालत होतो.

भाची: मामा, ही नवरी नक्की कुठे उभी आहे? पाच मिनिटं झाली, मला गाव कळलं नाही.

मामा: गाव कशाला कळायला पाहिजे? लग्न तिचं आहे, गावाचं नाही. तिची आई हा व्हिडिओ बघताना मागचा डोंगर बघणार आहे का? पोरीचा चेहरा बघणार.

भाची: मग त्यांना पहिण्यापर्यंत कशाला नेलंत? स्टुडिओत करड्या पडद्यासमोर उभं करायचं. धुकं तेवढंच.

मामा: तेवढं नाही. पडद्यासमोर उभं केलं की धुकं होतच नाही, इथेच सगळे फसतात. नवा पोरगा येतो, एफ १.८ ची लेन्स विकत घेतो आणि स्टेजवर लावतो. जोडपं फुलांच्या भिंतीला पाठ टेकून उभं. मग येतो माझ्याकडे, ‘सर, ब्लर येत नाही.’ येईल कसा? माणूस तीन मीटरवर आणि फुलं त्याच्या मागे दोन फुटांवर. त्याच जोडप्याला स्टेजवरून खाली आण, मागे दहा मीटर मोकळी जागा सोड. लेन्स तीच, अ‍ॅपर्चर तेच, आणि मागचा ब्लर साडेचार पट. फुकटात. आधी माणसाला भिंतीपासून सोडवायचं, मग लेन्सला हात लावायचा.

मामांचा हिशेब बरोबर आहे. डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे चित्रात पुढून मागे जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो तेवढी खोली. ती अ‍ॅपर्चर उघडलं की कमी होते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण अ‍ॅपर्चर दुप्पट मोठं केलं तर खोली निम्मी होते. कॅमेरा माणसाच्या निम्म्या अंतरावर नेला तर ती चौथाईवर येते. क्रॉप बॉडीवर पन्नासची लेन्स एफ १.८ वर ठेवा: माणूस दोन मीटरवर असेल तर साधारण अकरा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट मिळतो, एक मीटरवर असेल तर अडीचच सेंटिमीटरचा. पाय वापरणं लेन्सपेक्षा स्वस्त पडतं. किट लेन्ससुद्धा पूर्ण ५५ वर नेऊन, माणसाच्या दीड मीटर जवळ जाऊन आणि मागे मैदान मोकळं ठेवून वापरली तर एफ ५.६ वरही मागचं बऱ्यापैकी विरघळतं. हे दुकानदार सांगत नाही, कारण त्याला लेन्स विकायची असते.

भाची: गणित मान्य आहे. पण व्हिडिओत ते टिकवता येतं का? फोटोत एक क्षण साधला की झालं. इथे माणूस हलतो.

मामा: हलतो ना! तेच तर कसब आहे.

भाची: परवाच्या लग्नात अंतरपाट सरला तेव्हा काय झालं, ते दाखवा यांना.

मामांनी जरा नाखुशीनेच क्लिप लावली. नवऱ्याच्या खांद्यामागून घेतलेला शॉट. समोर अंतरपाट, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक इतकं स्पष्ट की कापडाची वीण मोजावी. शेवटचं ‘सावधान’ झालं, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट खाली आला. मागे नवरी होती, पण कॅमेऱ्याला ती सापडली नाही. फोकस पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मधल्या वेळात अक्षता पडत राहिल्या, आणि त्याही फोकसच्या बाहेर असल्यामुळे पांढऱ्या चकत्यांसारख्या. नवरीचा चेहरा ठळक झाला तोवर तिने मान खाली घातली होती.

भाची: झालं. ज्या क्षणासाठी सगळे जमले, तोच गेला.

मामा: तो दुसऱ्या पोराच्या हातातला जुना कॅमेरा होता. जुन्या डीएसएलआरला व्हिडिओत ऑटोफोकस जमतच नव्हता, असा चाचपडायचा. २०१३ मध्ये कॅननचा सेव्हन्टी-डी आला, सेन्सरच्याच पिक्सेलांवर फोकस ओळखणारा, तेव्हा कुठे जरा सुख झालं. आणि तसंही अंतरपाटाला मी एफ १.८ ठेवतच नाही. एफ ४, फोकस हातात, आणि भटजींच्या तोंडाकडे कान. शेवटचं मंगलाष्टक कोणत्या चालीत संपतं, ते फोकस धरणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

भाची: आणि मुंडावळ्या?

मामा: (हसून) मुंडावळ्या हा शत्रू आहे. फुल फ्रेमवर पंच्याऐंशीची लेन्स, एफ १.८, नवरी चार फुटांवर. स्पष्ट पट्टा किती? दोन सेंटिमीटर. म्हणजे बुबुळाच्या पुढे एक, मागे एक. नवरीने मान जराशी वळवली की मोत्यांची सर थेट डोळ्यासमोर येते आणि कॅमेरा तीच पकडतो. मोती लखलखीत, डोळे पाण्यात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘वा, काय मोती!’ मी मनात म्हणतो, चला, वाचलो.

भाची: म्हणजे तुम्हीच कबूल करताय. हे धुकं पुष्कळदा ठरवून नसतं, हातून निसटलेलं असतं.

मामा: पुष्कळदा नाही. कधीकधी. बरं, तू उघड्यावर शूटिंग करतेस म्हणून एक विचारतो. भर दुपारी घाटावर एफ १.८ लावलास तर शटर किती येतं?

भाची: आयएसओ १०० ला साधारण १/८०००.

मामा: आणि आपल्याला पाहिजे किती?

भाची: पंचवीस फ्रेम, म्हणून १/५०. नाहीतर हालचाल तुटक दिसते, पाण्याचा एकेक थेंब गोठल्यासारखा.

मामा: मग मधला प्रकाश कुठे घालवायचा? इथेच निम्मी पोरं एफ १६ वर पळतात आणि म्हणतात, व्हिडिओत ब्लर होत नाही. लेन्सवर एनडी फिल्टर चढव, काळ्या काचेचा. सात स्टॉपचा घेतलास तर प्रकाश सव्वाशे पट कमी होतो आणि भर उन्हात एफ १.८ चालतं. गोल फिरवायचा मिळतो तो सोयीचा, पण शेवटपर्यंत फिरवू नकोस. आत दोन पोलरायझर असतात, टोकाला गेलं की चित्रावर काळी फुली उमटते. आणि कार्यालयातही १/५० किंवा १/१०० सोडू नकोस, आपली वीज पन्नास हर्ट्‌झची. ६० ला गेलीस की ट्यूबलाइट चित्रात लहरायला लागते.

एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाशी भांडणं सोपं नसतं. पण ही मुलगी त्यांचीच भाची आहे.

भाची: मामा, तुम्ही मालेगावचे. नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केला तेव्हा त्यांच्याकडे यातलं काय होतं?

मामा: काही नव्हतं. सायकलची ट्रॉली, बैलगाडीची क्रेन आणि साधा व्हिडिओ कॅमेरा. यंत्रमागावर काम करणारी माणसं नट. पण म्हणून काय? त्यांना ब्लर पाहिजे असता तरी मिळाला नसता. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर किती? नखाएवढा. रुंदी पाच मिलिमीटरही नाही. त्यावर एफ १.८ लावलं तरी खोली फुल फ्रेमच्या एफ १३ इतकी. नाइलाज होता तो, तू त्याला तत्त्व बनवू नकोस.

भाची: नाइलाज असेल, पण त्यामुळे त्या सिनेमांत मालेगाव आलं. गल्ल्या आल्या, पत्रे आले, मागे थांबून बघणारी पोरं आली. फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये त्या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. २०२४ मध्ये रीमा कागतींनी कथापट केला. सगळं जग बघायला आलं ते गाव बघायला. तेव्हा तुमच्याकडे फाइव्ह-डी असता आणि सगळा सिनेमा एफ १.८ वर काढला असता, तर कोणाला कळलं असतं ते मालेगाव आहे म्हणून?

मामा: त्याच लोकांनी सुपरमॅन उडवायला मागे हिरवा कपडा लावला होता, ते सोयीस्कर विसरलीस. नको असलेलं मागचं त्यांनीही पुसलंच की. फक्त लेन्सने नाही, कपड्याने.

(हा मुद्दा मामांनी चांगला काढला. भाची क्षणभर गप्प झाली आणि मी चहाचा दुसरा कप मागवून घेतला.)

भाची: उडताना पुसलं, जमिनीवर नाही. आणि सिनेमासारखं, सिनेमासारखं म्हणत तुम्ही जे विकता ना, ते सिनेमाचंही नाही. पस्तीस एमएम फिल्मच्या फ्रेमची रुंदी तुमच्या क्रॉप बॉडीच्या जवळपास, फुल फ्रेमइतकी नव्हेच. आणि कॅमेरामन बहुतेक वेळा २.८ ते ५.६ च्या दरम्यान काम करायचे. फुल फ्रेम एफ १.४ वर उघडून जे येतं, ते सिनेमाने फारसं केलेलंच नव्हतं.

मामा: ते खरं आहे. पण लोकांच्या डोळ्यांत बसलंय. व्हिडिओ कॅमेऱ्याचं सगळं सपाट, सगळं ठळक बघून लोक इतके कंटाळले होते की थोडा ब्लर दिसला तरी त्यांना थिएटर आठवायचं. २०१० मध्ये अमेरिकेत ‘हाउस’ मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग अख्खा फाइव्ह-डीवर काढला. ती बातमी आम्ही कार्यालयांत सांगत फिरायचो, ‘तोच कॅमेरा आहे बरं का आमच्याकडे.’ त्या एका वाक्यावर किती ऑर्डरी घेतल्यात मी!

भाची: आणि फाळके? पांडवलेण्याच्या पायथ्याशी एवढं स्मारक आहे, तिथेही तुम्ही प्री-वेडिंग काढता. तो त्र्यंबकेश्वरात जन्मलेला माणूस. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि मग कारखानाच नाशिकला आणला. उन्हाच्या उजेडात चित्रण, कॅमेरा एका जागी, माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत, मागे रंगवलेला पडदा. राजवाडा दिसलाच पाहिजे, नाहीतर राजा गेला कुठून आणि वनात आला कुठे?

मामा: फाळक्यांनी त्याच्याआधी काय काढलं होतं? कुंडीतल्या वाटाण्याचं रोप. एकेक फ्रेम घेत त्याची वाढ दाखवली आणि भांडवलदाराला पटवलं. त्या रोपामागे मुंबई दिसायला पाहिजे होती का? रोप बघ म्हणाले, बस.

इथे मला राहवलं नाही. मी ‘फँड्री’ची आठवण काढली. नागराज मंजुळे यांच्या या २०१३ च्या सिनेमात जब्याचं कुटुंब पकडलेलं डुक्कर खांद्यावर टांगून नेतं, आणि मागच्या भिंतीवर आंबेडकरांची आणि इतर समाजसुधारकांची चित्रं आहेत. अ‍ॅपर्चर उघडून ती भिंत विरघळवली असती तर पडद्यावर फक्त डुक्कर वाहून नेणारी माणसं उरली असती. सगळा सिनेमा त्या भिंतीत आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्येही तेच, कॅमेरा लांब थांबतो, न्यायालयाची अख्खी खोली दिसते आणि महत्त्वाचं नेमकं कोण, ते आपलं आपण शोधावं लागतं. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: मागचं पुसण्यापूर्वी मागे काय आहे, ते एकदा वाचून घ्यावं. लग्नाच्या व्हिडिओतही. वीस वर्षांनी त्या नवरीची मुलगी व्हिडिओ बघेल तेव्हा तिला आईच्या पापण्यांपेक्षा मागे जांभई देणाऱ्या आजोबांची ओढ जास्त असेल. मामांनी माझ्याकडे गिऱ्हाईक नसलेल्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं.

मामा: साहेब, भिंतीवर चित्रं असतील तर मीही दाखवीन. आमच्या भिंतीवर काय असतं? ‘भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ वीस फुटी फ्लेक्स, त्यावर चाळीस चेहरे. नवरीने सात फेरे घ्यायचे ते भाऊंच्या साक्षीने? घाटावर ही जाते, तिथे काय दिसतं? प्लास्टिक, पत्र्याच्या टपऱ्या, केबलच्या वायरी. सिंहस्थ आला म्हणजे बॅरिकेडची भर पडणार. सगळं ठळक ठेवलंस तर बघणाऱ्याचा डोळा तुझ्या बाईवर पडणारच नाही, फ्लेक्सवर पडेल. अक्षरं दिसली की माणूस वाचतो.

भाची: त्यासाठी उजेड आहे ना. माझी दिवे विकणारी बाई संध्याकाळी पायरीवर बसते. दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर, मागे अंधारत आलेलं. मागचं सगळं फोकसमध्ये आहे, पण काळोखात आहे. ज्याला बघायचं त्याला दिसतं. मी अठरावर लेन्स ठेवते, एफ ८, फोकस दोन मीटरच्या थोडा पुढे. एक मीटरच्या जरा पलीकडून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. फोकसची चिंताच नाही, ऐकायला मोकळी.

मामा: संध्याकाळी एफ ८? आयएसओ किती जातो?

भाची: (जरा थांबून) बत्तीसशे. कधी चौसष्टशे.

मामा: म्हणजे चित्रात वाळू. काळोखात दिसतं म्हणतेस, ते चट्ट्यापट्ट्यांत दिसतं. मोठ्या पडद्यावर टाकून बघ, मग बोल.

भाची: टाकलंय. वाळू आहे, पण मारुती दिसतो.

मारुती म्हणजे दुतोंड्या मारुती, रामकुंडाजवळ नदीपात्रात उभा असलेला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: नाशिकमध्ये पूर क्युसेकमध्ये मोजत नाहीत. गंगापूरमधून पाणी सोडलं की पहिला प्रश्न येतो, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. गळ्यापर्यंत गेलं म्हटलं की सराफ बाजारातले आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. भाचीचा माहितीपट या माणसांवरच आहे, पायरीवर बसून डोळ्याच्या कोपऱ्यातून मारुतीकडे बघत धंदा करणाऱ्यांवर.

भाची: आता सांगा. ती बाई दिवे विकतेय, चेहरा शांत. मागे मारुतीच्या कमरेला पाणी. तुमच्या लेन्सने मारुतीचा शेंदरी गोळा झाला. मग ती बाई का उठली, ते कोणाला कळणार?

मामा: (बराच वेळ स्क्रीनकडे बघून) इथे तुझं खरं आहे. इथे मारुती मागचा नाहीच. तोच मुख्य पात्र.

भाची: म्हणून मी एक ठरवलंय. सुरुवातीला बाईचे हात फोकसमध्ये, द्रोणात दिवा ठेवताना. मारुती धूसर. मग फोकस हळूहळू मागे न्यायचा, पाण्यापर्यंत. त्यासाठी तुमची पन्नास पाहिजे.

मामा: आं? म्हणजे एवढा वेळ मला शिव्या देऊन शेवटी ब्लरच पाहिजे? आणि तोही असा? हे तर लग्नवाल्यांपेक्षा वाईट. अंगठीवरून नवऱ्यावर, नवऱ्यावरून नवरीवर, पोरं दिवसभर हेच करतात. बघणाऱ्याची मान धरून फिरवायची, ‘आता इकडे बघ.’ मघाशी म्हणालीस ना, ज्याला बघायचं त्याला दिसतं? मग दिसू दे की त्याला. कशाला फिरवतेस?

भाची: कारण ती बाईही तशीच बघते. हातातलं काम, मग पाणी. पुन्हा काम, मग पाणी. एकदाच करणार, अख्ख्या फिल्ममध्ये एकदा.

मामा: एकदा?

भाची: एकदाच.

मामा: (कपाट उघडत) मग ऑटोफोकसवाली नको नेऊस. त्या नव्या पन्नासची रिंग नुसती गरगर फिरते, तिला टोकच नाही; खूण करशील ती दुसऱ्या वेळी तिथे नसेल. ही जुनी मॅन्युअल निकॉन घे, तुझ्या कॅननला अ‍ॅडॅप्टर लावून बसते. रिंगवर पांढरी चिकटपट्टी लाव, हातांसाठी एक खूण आणि मारुतीसाठी एक. तालीम दिवसा कर. आणि एफ २.८ ठेव, १.८ नको, तेवढ्यात मारुतीचा गोळा पुरेसा होतो आणि तुझा हात चुकला तरी सांभाळून घेतं.

भाची: पाऊस असेल तर?

मामा: पाऊस असेल तर लेन्स माझी आहे हे लक्षात ठेव. घरी आलीस की पिशवीत कोंबून ठेवू नकोस, डब्यात सिलिका जेल टाक. बुरशी लागली तर नव्या लेन्सचे पैसे तुझ्या आईकडून घेईन.